ऐकू येतं, पण किती?

मूल हाकेला वळत नाही अशी शंका आली, की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिली तपासणी स्वयंपाकघरातल्या सामानानेच होते. कुणीतरी स्टीलची थाळी आणि डाव घेऊन येतं, बाळाच्या पाठीमागे उभं राहतं आणि थाळी जोरात वाजवतं. बाळ दचकतं, मान वळवतं. ‘ऐकू येतंय की, उगाच घाबरवता!’ असं म्हणून आजी विषय मिटवते. पुढे मूल बोलत नाही म्हणून काळजी वाटू लागते, तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ हे उत्तर तयार असतं. अशा रीतीने वर्ष-दीड वर्ष निघून जातं. लहान मुलाच्या आयुष्यात ते भरून न येणारं असतं.

थाळी जवळून वाजवली तर तिचा आवाज सहज ९० डेसिबलच्या आसपास जातो. समोरासमोर बसून आपण बोलतो तो आवाज असतो सुमारे ६० डेसिबल. ज्या मुलाला ६५-७० डेसिबलच्या खालचं काहीच ऐकू येत नाही, ते थाळीला दचकेल आणि आईच्या अंगाईला मात्र दाद देणार नाही. शिवाय थाळी वाजवणाऱ्याची सावली पडते, हवा हलते, पलंग थरथरतो, समोर बसलेल्यांचे डोळे बाळाच्या मागे वळतात. यातल्या कशानेही बाळ वळू शकतं. म्हणून ‘ऐकू येतं का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते हे, की किती ऐकू येतं, कोणत्या पट्टीतलं येतं आणि कोणत्या कानाने येतं. या तिन्ही गोष्टी आज मोजता येतात, अगदी दोन दिवसांच्या बाळाच्याही.

बाळ पोटात असल्यापासून ऐकायला लागतं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याला आईचा आवाज ओळखीचा झालेला असतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी १९८० साली एका प्रयोगातून दाखवून दिलं, की जन्मून जेमतेम काही दिवस झालेली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज पसंत करतात. म्हणजे भाषेची तयारी आपण समजतो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. मेंदूचा जो भाग आवाजाचा अर्थ लावतो, त्याची घडण पहिल्या दोन-तीन वर्षांत वेगाने होते, आणि त्यासाठी आवाज मेंदूपर्यंत पोहोचावा लागतो. तो पोहोचला नाही, तर त्या भागाला ऐकण्याचं शिक्षण मिळत नाही. नंतर कितीही उत्तम यंत्र लावलं तरी ते शिक्षण त्याच सहजतेने होत नाही.

इथे पालकांची एक फसगत होते आणि तिच्यात त्यांचा काहीही दोष नसतो. ऐकू न येणारं बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देतं, हसतं, ‘आऽऽ’, ‘ऊऽऽ’ करतं. फरक पडतो तो सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान. ऐकू येणारं बाळ तेव्हा ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी व्यंजनांची माळ ओवायला लागतं. ऐकू न येणाऱ्या बाळाची ही बडबड लांबते किंवा येतच नाही. कानाचा दोष बाहेरून दिसत नाही, बाळ नजरेला नजर देतं, घरातल्या हालचालींवरून सगळं ओळखतं आणि ‘हुशार आहे, फक्त बोलत नाही’ असा सगळ्यांचा समज होतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणदोष असलेल्या १५० मुलांचा अभ्यास करून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिन्यांच्या आत ज्यांचा दोष ओळखला गेला आणि लगेच मदत सुरू झाली, त्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. दोष सौम्य असो वा तीव्र, हा फरक दिसत होता. याच धाग्यावर पुढे जगभर एक सोपं वेळापत्रक रूढ झालं: पहिल्या महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. एक, तीन, सहा. लसीकरणाच्या कार्डासारखाच हाही आकडा प्रत्येक बाळंतिणीला घरी जाताना सांगितला गेला पाहिजे.

दोन दिवसांच्या बाळाला काही विचारता येत नाही, मग तपासणी होते कशी? यामागची गोष्ट मला फार आवडते. आपल्या अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या ओळीत आणि बारा हजार बाहेरच्या ओळींत. आतल्या पेशी आवाजाची खबर मेंदूकडे धाडतात. बाहेरच्या पेशी स्वतः लांब-आखूड होऊन येणाऱ्या क्षीण आवाजाला जोर देतात. थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने १९४८ सालीच अंदाज बांधला होता, की कानात असं काही जोर देणारं असेल, तर कानातून बाहेरही आवाज यायला हवा. तेव्हा त्याला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात एक संवेदनशील मायक्रोफोन बसवला, छोटासा ‘टक्’ आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी कानातून परत आलेला क्षीण प्रतिसाद नोंदवला. निरोगी कान आवाज ऐकतो आणि स्वतः आवाज करतोही!

ओएई म्हणून ओळखली जाणारी तपासणी हीच. झोपलेल्या बाळाच्या कानात रबरी टोकाची छोटी नळी ठेवायची आणि कानाचा प्रतिसाद येतो का ते यंत्राने पाहायचं. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही. बाळ शांत असेल तर दोन्ही कान काही मिनिटांत होतात. प्रतिसाद आला तर यंत्रावर ‘पास’ दिसतं, नाही आला तर ‘रेफर’. ‘रेफर’ म्हणजे बाळ बहिरं आहे असं अजिबात नाही. जन्मानंतरच्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकट द्रव किंवा पांढरा लेप राहिलेला असू शकतो, बाळ रडत असू शकतं. पण ‘रेफर’चा अर्थ ‘पुन्हा तपासा’ असा पक्का आहे, आणि नेमकं तिथेच आपलं घोडं अडतं. बाळंतीण माहेरी गेलेली असते, तालुक्याच्या गावी यंत्र नसतं, आणि तो कागद फायलीत राहून जातो.

दुसरी तपासणी बेरा. हिच्यात बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात आवाजाचे ठोके सोडतात आणि श्रवणनाडीतून मेंदूच्या मुळापर्यंत जाणारे विजेचे सूक्ष्म तरंग संगणक टिपतो. बाळ गाढ झोपलेलं असावं लागतं. म्हणून आयांना सांगतात, की सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, इथे आल्यावर दूध पाजा. तरीही न झोपणाऱ्या मुलाला डॉक्टर झोपेचं सौम्य औषध देतात. बेरात कळतं, की आवाज किती डेसिबलपर्यंत कमी केला तरी नाडी प्रतिसाद देते.

काही पालकांना वाटतं की ओएई ‘पास’ झाली, मग बेरा कशाला? ज्या बाळाला जन्मल्यावर तीव्र कावीळ झाली, जे अपुऱ्या दिवसांचं होतं, जे नवजात अतिदक्षता विभागात राहिलं, त्याच्या बाबतीत हा प्रश्न महागात पडू शकतो. अशा काही बाळांच्या बाहेरच्या केसपेशी ठणठणीत असतात, पण पुढे नाडीतून जाणारा संदेश विस्कळीत होतो. ओएई पास, बेरात तरंगच नाहीत, आणि मूल आवाज ऐकूनही शब्द समजू शकत नाही. काचेच्या पेटीत राहून आलेल्या प्रत्येक बाळाची बेरा झालीच पाहिजे, ओएईवर थांबता कामा नये.

जोखीम वाढवणाऱ्या आणखी गोष्टी आहेत. गरोदरपणात आईला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग होणं, बाळाला मेंदूज्वर होणं, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी जीव वाचवणारी पण कानाला अपाय करू शकणारी औषधं द्यावी लागणं. महाराष्ट्रात २०१८ साली गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. ती लस पुढच्या पिढीच्या कानांचंही रक्षण करते, हे तेव्हा फारसं कुणी सांगितलं नाही. आणि आनुवंशिकता. जन्मजात श्रवणदोषाच्या अनेक प्रकारांत आई-वडील दोघांनाही उत्तम ऐकू येतं, पण दोघांकडे एकाच सदोष जनुकाची एकेक प्रत दडलेली असते. नात्यात लग्न झालं तर असा योग जुळण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रीत बऱ्याच समाजांत आहे. अशा जोडप्याने घाबरून जाण्याचं कारण नाही, मात्र बाळाची तपासणी चुकवू नये.

यातलं काहीही नसलं तरी तपासणी हवीच, कारण श्रवणदोष घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या बाबतीत असं कुठलंच कारण आधी दिसत नाही. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरमधून झाली. जन्मजात बहिरेपण त्यात तपासायच्या दोषांच्या यादीत आहे, आणि त्या कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी नावाची केंद्रं उभी राहिली आहेत. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. देशातला ऑडिओलॉजी आणि वाचोपचाराचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला तोही मुंबईतच, १९६६ साली, नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था त्याच्या एक वर्ष आधीची. ज्ञान आणि माणसं आपल्याकडे बऱ्याच काळापासून आहेत. ती गावापर्यंत पोहोचायला मात्र फार वेळ लागतो आहे.

मूल सहा-सात महिन्यांचं झालं, की त्याच्याकडून उत्तर मिळवता येतं. आवाज आला की त्या बाजूला दिवा लागतो आणि खेळण्यातलं माकड टाळ वाजवतं. हे कळलं की मूल आवाज ऐकून आपोआप माकडाकडे पाहायला लागतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाची तपासणी तर पाहण्यासारखी असते. छोटीशी मुलगी आईच्या मांडीवर बसलेली असते, कानांवर तिच्या डोक्याला मोठे होणारे हेडफोन, हातात लाकडी ठोकळा. ऑडिओलॉजिस्ट ताईने तिला शिकवलेलं असतं, की ‘पीप’ आलं की ठोकळा बादलीत टाकायचा. ठोकळा गालाशी धरून ती थांबते. पीप. टप्प! ताई टाळ्या वाजवते, दुसरा ठोकळा देते आणि आवाज दहा डेसिबलने खाली आणते. पुन्हा पीप, पुन्हा टप्प. मग एक वेळ अशी येते, की ताईचं बोट बटणावर असतं, पण मुलगी ठोकळा गालाशी धरून तशीच बसून राहते. आई अस्वस्थ होते, खांद्याला हात लावून सुचवू पाहते. आईने हे कधीच करू नये. मुलीचं ते थांबणंच नोंदवायचं असतं.

शाळेत जाणाऱ्या मुलांना कमी ऐकू येण्याचं कारण बहुधा वेगळं असतं. वारंवार सर्दी, नाक चोंदणं, मागचे ॲडेनॉइड वाढणं यांमुळे कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत चिकट पाणी साठतं. कान दुखत नाही, वाहत नाही, फक्त २५-३० डेसिबल कमी ऐकू येतं. असं मूल वर्गात ‘लक्ष नसलेलं’ ठरतं, श्रुतलेखनात चुकतं, टीव्हीजवळ जाऊन बसतं. हवेचा हलका दाब देऊन पडदा किती हलतो ते पाहणारी टिंपॅनोमेट्री हे दोन मिनिटांत सांगते. बऱ्याचदा हे पाणी दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. राहिलंच तर पडद्यात बारीक नळी बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. कानात गरम तेल टाकणं हा यावरचा उपाय नाही. कशावरचाच नाही. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं, आणि तान्ह्या बाळाच्या कानात तर तेलाचा थेंबही नको.

मोठ्यांची तपासणी बहुतेकांनी ऐकलेली असते. आवाजबंद खोली, हेडफोन, आवाज आला की बटण दाबा. हातात मिळतो तो आलेख, ऑडिओग्राम. तो एकदा वाचता आला की डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं. आडव्या रेषेवर डावीकडे खर्जातले आवाज, २५० हर्ट्झपासून, आणि उजवीकडे चढ्या पट्टीतले, ८००० हर्ट्झपर्यंत. उभ्या रेषेवर डेसिबल, वरून खाली वाढत जाणारे. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणा वरच्या पट्ट्यात, २० डेसिबलच्या रेषेच्या वर असतील तर ऐकणं चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीनुसार २० ते ३५ सौम्य दोष, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ च्या पुढे तीव्र आणि ८० च्या पुढे अतितीव्र. इथले डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. ४० डेसिबलचा दोष म्हणजे ‘चाळीस टक्के बहिरेपण’ नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी वेगळ्या हिशोबाने काढतात.

त्याच आलेखावर कंसासारख्या खुणाही असतात. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून सरळ अंतःकर्ण तपासलं, की त्या मिळतात. हाडातून चांगलं ऐकू येतं आणि हवेतून कमी, तर अडथळा वाटेत आहे: मळ, फाटलेला पडदा, साठलेलं पाणी, अडकलेलं हाडूक. यातलं पुष्कळ औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं. दोन्ही सारखंच कमी असेल तर केसपेशी किंवा नाडी खराब झालेली आहे. माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथे औषधं, गोळ्या, ‘बहिरेपणावर रामबाण’ तेलं यांचा उपयोग नाही. पैसे वाया जातात आणि वेळही जातो.

वय वाढतं तसा आलेख उजवीकडे घसरत जातो, म्हणजे चढ्या पट्टीतलं आधी जातं. इचलकरंजी-भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडलेला दिसू शकतो, गोंगाटाने पडणारा. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या तरुणांचीही तीच वाट आहे.

चढी पट्टी गेल्याने काय बिघडतं? मराठी बोलण्यात आ, ओ, ऊ या स्वरांमध्ये आवाजाचा जोर असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात. स, श, ट, त, क, प ही व्यंजनं क्षीण असतात, त्यांची ओळख वरच्या पट्टीत असते, आणि शब्दाचा अर्थ ठरतो तो बहुतांशी त्यांच्यावर. ताक, ताट, ताप. सहा, दहा, पहा. आजोबांना ‘ता’ स्पष्ट येतं, शेवटचं व्यंजन निसटतं. सून विचारते, ‘बाबा, ताक देऊ?’ आणि ते म्हणतात, ‘ताप नाही मला.’ घरातले हसतात. म्हणूनच बहुतेक वृद्धांची तक्रार असते, की ‘ऐकू येतं, पण समजत नाही’. ही तक्रार तंतोतंत खरी आहे आणि आलेखावर दाखवता येते. नातवंडांचं बोलणं सगळ्यात कमी समजतं, कारण मुलांचे आवाज चढे आणि बोलणं भरभर.

दुसरी तक्रार घरच्यांची. ‘हळू बोललं तर म्हणतात मोठ्याने बोल, मोठ्याने बोललं तर म्हणतात ओरडतोस कशाला!’ हा हेकेखोरपणा नाही. केसपेशी कमी झाल्या, की ऐकू येण्याची खालची मर्यादा वर सरकते, पण असह्य वाटण्याची वरची मर्यादा जवळजवळ तिथेच राहते. मधली जागा अरुंद होते. त्या अरुंद जागेत सगळे आवाज बसवायचे, हळू आवाज जास्त वाढवायचे, मोठे कमी वाढवायचे, हे आजच्या डिजिटल श्रवणयंत्राचं खरं काम आहे. म्हणून ऑनलाइन मिळणारं सगळंच सरसकट मोठं करणारं स्वस्त उपकरण हे श्रवणयंत्र नव्हे. आणि वारलेल्या काकांचं मशीन कपाटात पडून आहे, ते मावशीला लावून पाहू, हेही करू नये. ते काकांच्या आलेखासाठी बसवलेलं होतं.

यंत्राची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असते. दुकानदार वाहिन्या, ब्लूटूथ, कानात न दिसणारा आकार यांवर बोलतो. माझं मत स्पष्ट आहे: यंत्रापेक्षा ते बसवणारा माणूस महत्त्वाचा. मध्यम किमतीचं यंत्र आलेखाप्रमाणे नीट जुळवलेलं असेल, तर ते घाईत बसवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं. विकत घेण्याआधी विचारा, की बसवणारी व्यक्ती पात्रताधारक ऑडिओलॉजिस्ट आहे का, काही दिवस वापरून पाहता येईल का, नंतर जुळवणीसाठी किती वेळा येता येईल, सेल आणि दुरुस्ती गावाजवळ मिळेल का. दोन्ही कानांत दोष असेल तर शक्यतो दोन यंत्रं घ्या. आवाज कुठून आला ते ओळखायला आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढायला मेंदूला दोन्ही कान लागतात.

चष्मा लावताक्षणी दिसायला लागतं, श्रवणयंत्राचं तसं नाही. पाच-सात वर्षं ज्या मेंदूने पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकलेला नाही, त्याच्यावर ते सगळं एकदम येतं. पहिल्या आठवड्यात ‘नुसता कलकलाट’ वाटतो आणि मशीन डबीत जातं. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलत, दिवसातून काही तास अशी करावी, मग हळूहळू वाढवावं. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी मशीन लावून गेलं तर निराशाच होईल. शिट्टी वाजत असेल तर कानात बसणारा मोल्ड सैल आहे किंवा कानात मळ आहे, मशीन खराब झालं असं लगेच समजू नये. कोकणच्या पावसाळ्यात रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं, ओलीने बिघडतं.

मुलांचं यंत्र ही आणखी जबाबदारीची गोष्ट. मुलाच्या कानाची नळी लहान, म्हणून तोच आवाज तिथे जास्त मोठा होतो आणि जुळवणीचं गणित बदलतं. कान वाढतो तसा मोल्ड काही महिन्यांनी नवा करावा लागतो. जागेपणी सगळा वेळ यंत्र कानावर हवं, ‘शाळेपुरतं’ नको. सेलच्या कप्प्याला कुलूप असलेलंच यंत्र घ्यावं, कारण बटणासारखा सेल गिळला तर जिवावर बेततं. रोज सकाळी एक छोटी तपासणी घरी करता येते. डॅनियल लिंग यांनी सुचवलेले सहा ध्वनी, म, ऊ, आ, ई, श, स, तोंड झाकून मुलामागून साध्या आवाजात म्हणायचे. खर्जापासून चढ्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला यात येतो. काल ‘स’ला मान वळली आणि आज नाही, तर सेल, मोल्ड किंवा कान यांपैकी काहीतरी बघायला हवं.

यंत्राने भागत नाही इतका दोष असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. मेलेल्या केसपेशींना वगळून विजेचे संदेश थेट श्रवणनाडीला देणारी ही शस्त्रक्रिया. भारतात ती रुजवणाऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव अग्रभागी आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते आणि तिचं काम अली यावर जंग संस्थेकडे आहे. शस्त्रक्रिया हा मात्र आरंभ. त्यानंतर काही वर्षं चालणारं ऐकण्या-बोलण्याचं शिक्षण घरात, रोज, बहुधा आईलाच करावं लागतं. त्यात वडिलांनी आणि आजी-आजोबांनी वाटा उचलावा, एवढं तरी व्हायला हवं. ज्या कुटुंबांना भारतीय सांकेतिक भाषेची वाट योग्य वाटते, त्यांनी ती संकोच न करता धरावी. मुलाला वेळेत कुठली तरी पूर्ण भाषा मिळणं सगळ्यात महत्त्वाचं.

वृद्धांच्या बाबतीत अलीकडे एक मोठी चाचणी झाली. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ माणसांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन वर्षांत सगळ्यांचा एकत्र विचार केला तर श्रवणयंत्रांनी स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या घसरणीत फरक पडलेला दिसला नाही. पण ज्यांना अशा घसरणीचा धोका मुळातच जास्त होता, त्या गटात घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. यावरून यंत्र विसरभोळेपणावरचं औषध आहे असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. पण ज्या माणसाने भजनी मंडळात जाणं सोडलं, फोन उचलणं सोडलं, जेवताना मान खाली घालून जेवायला सुरुवात केली, त्याचं वय झालं असं म्हणून गप्प बसू नका. आधी कान तपासा. त्याच्याशी बोलताना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडू नका. समोर या, चेहरा उजेडात ठेवा, टीव्ही बंद करा, थोडं सावकाश बोला.

या प्रकरणात महिन्यांचा आणि वर्षांचा हिशोब बराच झाला. एक प्रसंग असा आहे, की तिथे तास मोजावे लागतात. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, कान बंद वाटतो, आत आवाज येतो, कदाचित चक्करही येते. पुष्कळजण सर्दी किंवा मळ समजून आठवडा घालवतात. काही वेळा ते मळच निघतं. पण अंतःकर्णाचा अचानक झालेला दोष असेल, तर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. जितका उशीर, तितकी ऐकणं परत येण्याची आशा कमी. असं झालं तर कानात काहीही घालू नका, वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि श्रवणचाचणी करून घ्या.